ब्रेक नसलेली सायकल

आज पेढीच्या गादीवर बसणाऱ्या पिढीतल्या बहुतेकांनी सायकल शिकताना वडिलांच्या उंच सायकलच्या दांड्याखालून पाय घालून कैची मारलेली आहे. सीटवर बसण्याइतकी उंची येईपर्यंत दुसरा मार्गच नव्हता. त्या सायकलची एक आठवण मात्र सर्वांची सारखी असते. उतार लागला की पाय थांबवायचे, सायकल सोडून द्यायची आणि मागच्या चाकातून येणारी बारीक टिकटिक ऐकत घराकडे यायचे. ती टिकटिक फ्रीव्हीलची. मागच्या दातेरी चक्राच्या पोटात छोट्या खिट्ट्या असतात. पॅडलवर पुढे जोर दिला की त्या अडकतात आणि चाक फिरवतात. पाय थांबले की त्या सुटतात आणि चाक आपल्या वेगाने फिरत राहते.

आता काही घरांतली मुले वडिलांकडे अशी सायकल मागू लागली आहेत, की जिच्यात ही टिकटिकच नाही. तिचे नाव फिक्स्ड गिअर; मुलांच्या बोलण्यात फिक्सी. सडपातळ सांगाडा, एकच गिअर, लोंबणाऱ्या केबली नाहीत, आणि मोबाइलवरच्या चित्रफितींत तर ब्रेकसुद्धा नाही. चित्रफितीतला मुलगा वेगाने येतो, अंग पुढे झुकवतो, मागचे चाक एकाएकी जागीच थांबते आणि रस्त्यावर काळी रेघ ओढत सायकल घसरत जाऊन उभी राहते. या घसरण्याला स्किड म्हणतात. हे पाहून पंधरा वर्षांच्या मुलाला ब्रेक ही भित्र्यांची सोय वाटू लागते आणि वडिलांना तो सारा प्रकार निव्वळ वेडेपणा वाटतो. घरात दोन दिवस अबोला राहतो. वडिलांची भीती अनाठायी नाही, आणि मुलाची ओढही टाकाऊ नाही. अडचण एवढीच आहे, की ही सायकल थांबते कशी, हे दोघांपैकी कोणालाच ठाऊक नसते.

भंडारा जिल्ह्यातल्या वाचकांना तर ही सायकल परकी वाटण्याचे कारण नाही. मयुरी लुटे आणि सुशिकला आगाशे या याच जिल्ह्यातल्या दोन मुलींनी अशाच सायकलवर बसून देशाचे नाव राखले. जून २०२२ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडासंकुलातील वेलोड्रोमवर आशियाई ट्रॅक सायकलिंग स्पर्धा झाल्या. त्यांत मयुरीने महिलांच्या ५०० मीटर टाइम ट्रायलमध्ये कांस्यपदक मिळवले. त्याच वर्षीच्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांसाठी निवडलेल्या भारतीय सायकलिंग संघात या दोघीही होत्या. ज्या जिल्ह्यात सायकल म्हणजे शाळेला, शेताला किंवा आठवडी बाजाराला जाण्याचे साधन, तिथल्या मुली जगातल्या सर्वांत वेगवान आणि सर्वांत कठोर सायकलीवर बसल्या. त्या सायकलीला ब्रेक नव्हते. असूच शकत नव्हते. ट्रॅकच्या नियमांत ब्रेकला परवानगीच नाही.

हा नियम ऐकून कोणीही चकित होईल, पण त्यामागचे कारण पाहिले की तो पटतो. वेलोड्रोम म्हणजे लंबवर्तुळाकार धावपट्टी. दिल्लीतली पट्टी लाकडी आहे, २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी बांधलेली, एका फेरीला २५० मीटरची. वळणावर ती भिंतीसारखी उभी होत जाते. अशा पट्ट्यांचा वळणावरील उतार चाळीस अंशांच्या वर असतो. तिथे स्वार एकमेकांच्या मागे वीतभर अंतर ठेवून धावतात. पुढच्याने अचानक ब्रेक दाबला, तर मागच्याला कळेपर्यंत दोघेही खाली. म्हणून तिथे कोणाच्याच हाती ब्रेक नाही. सर्वांचे वेग हळूहळू वाढतात आणि हळूहळूच उतरतात, आणि प्रत्येकाला पुढच्याच्या पायांवरून त्याचा वेग वाचता येतो.

मग थांबायचे कसे? फिक्स्ड गिअरमध्ये मागचे दातेरी चक्र चाकाला पक्के जखडलेले असते. चाक फिरते तोवर पॅडल फिरते आणि पॅडल फिरते तोवर पाय फिरतात. पायांना वेगळी सुटी नाही. वेग कमी करायचा तर वर येणाऱ्या पॅडलला पायाने किंचित विरोध करायचा, पुढच्या फेऱ्यात आणखी थोडा, आणि असे करत चाकाला आवरत आणायचे. ट्रॅकवर याला उताराचीही मदत होते: शर्यत संपली की स्वार वळणाच्या उंच बाजूला चढतात, चढणीवर वेग गळतो, मग पुन्हा खाली येतात. ५०० मीटरची शर्यत म्हणजे २५० मीटरच्या दोन फेऱ्या. त्या संपल्यानंतर दिव्याखाली सायकल उभी करून टाळ्या घेता येत नाहीत. आणखी फेऱ्या मारत तो वेग पायांनीच उतरवावा लागतो. ज्यांचा दिवस हिशेबात जातो त्यांना हे सहज समजेल: या सायकलीवर वेग उधारीने मिळत नाही आणि मिळालेला वेग माफही होत नाही.

ट्रॅकवरच्या या कौशल्याला एक शांत बाजूही आहे. स्प्रिंट प्रकारात दोन स्वार समोरासमोर असतात आणि पहिल्यांदा पुढे जाणे तोट्याचे ठरते, कारण मागच्याला वाऱ्याचा आडोसा मिळतो. म्हणून कधी कधी दोघेही सायकल जागच्या जागी उभी करून एकमेकांची वाट पाहतात. पाय खाली टेकवायचा नाही, पॅडल आडवे, पुढचे चाक किंचित वळवलेले, आणि बोटभर पुढे बोटभर मागे करत तोल राखायचा. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये इटलीचा पेटेनेला आणि फ्रान्सचा ट्रेंटिन असे जवळपास २२ मिनिटे उभे होते. प्रेक्षकांचे काय झाले असेल याची कल्पनाच केलेली बरी.

तात्पर्य, ट्रॅकवर वाढलेल्या स्वाराला स्किडची गरज पडत नाही. ती रस्त्यावरची उपज आहे. न्यूयॉर्कसारख्या शहरांत कागदपत्रे पोचवणाऱ्या सायकलस्वारांनी ट्रॅकच्या सायकली रस्त्यावर आणल्या, कारण त्यांत बिघडण्यासारखे फार थोडे भाग असतात. गर्दीत थांबण्यासाठी त्यांनी मागचे चाक अडवून घसरण्याची युक्ती अंगी बाणवली. पुढे ती चित्रफितींतून जगभर गेली आणि युक्तीचे प्रदर्शन झाले. मुलांपर्यंत पोचले ते हे प्रदर्शन. त्याआधीची वर्षांची मेहनत त्या चित्रफितीत मावत नाही.

राष्ट्रकुल स्पर्धा बर्मिंगहॅमच्या असल्या, तरी त्यांतील ट्रॅक सायकलिंग लंडनच्या वेलोड्रोमवर झाले. त्याच लंडनमध्ये, सहा वर्षांपूर्वी, फेब्रुवारी २०१६ मध्ये जे घडले ते प्रत्येक पालकाने जाणून घ्यावे असे आहे. ट्रॅकच्या बनावटीच्या, पुढचा ब्रेक नसलेल्या फिक्स्ड गिअर सायकलीवरून अठरा वर्षांचा एक मुलगा चालला होता. दुपारच्या सुटीत बाहेर पडलेली ४४ वर्षांची एक महिला रस्ता ओलांडत होती. मुलाने दोनदा ओरडून सावध केले. धडक झाली. महिलेच्या डोक्याला इजा झाली आणि आठवड्याभरात ती गेली. मागे पती आणि दोन मुले राहिली. ब्रिटनमध्ये रस्त्यावरच्या फिक्स्ड गिअर सायकलीला पुढचा ब्रेक असणे कायद्याने बंधनकारक आहे. मुलाने न्यायालयात सांगितले, की हा नियम आपल्याला ठाऊकच नव्हता. सदोष मनुष्यवधाच्या आरोपातून तो सुटला, पण बेदरकारपणे वाहन हाकून इजा केल्याबद्दल २०१७ मध्ये त्याला अठरा महिन्यांची कोठडी झाली. ज्या कायद्याखाली ही शिक्षा झाली तो १८६१ चा, घोडागाड्यांच्या काळातला होता.

ओरडण्याला दोन क्षण लागले. तेच दोन क्षण हाताखाली ब्रेक असता तर कशाला उपयोगी पडले असते, हा प्रश्न त्या खटल्यानंतर अनेकांनी विचारला. आपल्याकडेही सायकलस्वार कायद्याबाहेर नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ मध्ये सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वाहन हाकणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत आणि त्यात सायकल सुटत नाही. जपानमध्ये १९४८ साली कोकुरा शहरात सुरू झालेल्या केइरिन शर्यतींत ब्रेक नसलेल्याच सायकली धावतात. पण त्याच जपानमध्ये अशी सायकल रस्त्यावर आणली तर पोलीस अडवतात. ट्रॅक आणि रस्ता यांच्यातला हा भेद तिथे लहान मुलालाही कळतो.

आता घसरून थांबणे आणि ब्रेकने थांबणे यांत नेमके अंतर किती, याचा हिशेब मांडून पाहावा. ताशी २५ किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला सुमारे ७ मीटर. समोर गाय आली, हे डोळ्यांनी पाहून मेंदूने ठरवेपर्यंत एक सेकंद गेला, तर ७ मीटर तिथेच गेले. हे दोन्ही प्रकारांत सारखे. पुढे फरक पडतो. कोणतीही सायकल वेग कमी करताना तिचा भार पुढच्या चाकावर जातो आणि मागचे चाक हलके होते. हलके चाक रस्त्याला घट्ट धरत नाही. म्हणून कोरड्या डांबरी रस्त्यावर चांगला पुढचा ब्रेक त्या वेगातून साधारण ५ मीटरमध्ये सायकल थांबवू शकतो, तर मागचे चाक कितीही कौशल्याने अडवले तरी १० मीटरच्या आसपास लागतात. स्किडमध्ये तर स्वार मुद्दाम अंग पुढे टाकून मागचे चाक आणखी हलके करतो, तेव्हा अंतर याहूनही वाढते. म्हणजे जी क्रिया पाहायला सर्वांत जोरकस वाटते, तीच थांबवण्यात सर्वांत दुबळी आहे.

त्यातही एक छुपा खर्च आहे. स्किड हवी त्या क्षणी सुरू करता येत नाही. दोन्ही पॅडले आडव्या रेषेत यावी लागतात. पुढचे चक्र ४८ दातांचे आणि मागचे १६ दातांचे असेल, तर पॅडलच्या एका पूर्ण फेऱ्यात मागचे चाक तीन वेळा फिरते आणि सायकल सुमारे ६.३ मीटर पुढे जाते. पाय चुकीच्या जागी असले, तर योग्य जागी येईपर्यंत अर्धा फेरा, म्हणजे ३ मीटर रस्ता संपलेला असतो. बोटाखालच्या ब्रेकला अशी वाट पाहावी लागत नाही.

म्हणून घरातल्या वादाचा निकाल फिक्सी घ्यावी की न घ्यावी असा लावण्याचे कारण नाही. पुढचा ब्रेक असलेली फिक्स्ड गिअर सायकल ही उत्तम शिक्षिका आहे. पुढचा ब्रेक नसलेली सायकल वेलोड्रोमच्या बाहेर कोणाच्याही हाती देऊ नये, इतके ठरले की बाकी सारे शिकण्यासारखेच आहे.

शिकण्याची जागा हा पहिला प्रश्न. भंडाऱ्याहून जाणारा मुंबई-कोलकाता महामार्ग ट्रकांनी भरलेला असतो. गावाकडच्या रस्त्यांवर सुगीच्या दिवसांत कडेला धान वाळत पडलेले असते, तणसाचे पेंढे असतात, आणि वैनगंगेच्या काठाजवळ वाळू वाहणाऱ्या गाड्यांनी सांडलेली रेती वळणावळणावर पसरलेली असते. रेतीवर मागचे चाक अडवले, की ते सरळ घसरत नाही, बाजूला जाते. पहाटेचा रस्ता रिकामा दिसतो, पण त्याच वेळी चालणारी माणसे कडेने निघालेली असतात. विहारात असलेले साधू-साध्वीही त्याच प्रहरी, त्याच कडेने चालतात. टिकटिक नसलेली सायकल मागून आलेली कानाला कळत नाही. तेव्हा रस्ता सुरुवातीला वर्ज्यच. राईस मिलचे किंवा गोदामाचे सिमेंटचे आवार, सुटीच्या दिवशी, मालकाच्या परवानगीने आणि आधी झाडून घेतलेले, हे उत्तम मैदान. झाडण्याचा आळस करू नये. धानाचे दाणे चाकाखाली मण्यांसारखे फिरतात.

पहिले काही दिवस फक्त चालवायचे. वर्षानुवर्षे फ्रीव्हीलची सवय असलेले पाय वळण आले की आपोआप थांबतात, आणि थांबले की सायकल स्वाराला मागून कोणी उचलल्यासारखा हिसका देते. हा हिसका ज्याला एकदा बसतो, त्याला या सायकलचा स्वभाव कळतो. सवय मोडायला आठवडा-दोन आठवडे लागतात. तोवर हाताची दोन बोटे पुढच्या ब्रेकवर राहावीत आणि सीटची उंची नेहमीपेक्षा वाढवू नये. वळणावर आतल्या बाजूचे पॅडल जमिनीला लागू शकते, कारण ते वर धरून ठेवण्याची मुभा इथे नाही. म्हणून वळणे रुंद आणि संथ घ्यावीत.

त्यानंतर विरोध करण्याचा अभ्यास. आवारात चुन्याची एक रेघ आखावी. तिच्यापासून वीस पावलांवर पाय आवरायला सुरुवात करून सायकल रेघेवर आणायची, ब्रेकला हात न लावता. प्रथम ती रेघेच्या पुढे जाईल. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अलीकडेच थांबेल. मुलाला आपल्या पायांत किती वेग शिल्लक आहे याचा अंदाज येऊ लागतो, आणि खरे सांगायचे तर स्किडपेक्षा हीच विद्या मोलाची आहे. चाक न अडवता केलेला विरोध टायरला रस्त्यावर फिरते ठेवतो, दिशा ताब्यात राहते आणि घसरणाऱ्या टायरपेक्षा पकडही चांगली मिळते. हा पाठ कंटाळवाणा आहे. चित्रफितीत तो दिसत नाही, त्याचे कारणही तेच असावे.

ज्याला रेघेवर सायकल आणता येते, त्यानेच पुढे स्किडकडे जावे. त्यासाठी पाय पॅडलला पट्ट्याने बांधलेले असणे आवश्यक आहे, कारण यात मागचा पाय खाली दाबायचा असतो आणि त्याच क्षणी पुढचा पाय वर ओढायचा असतो. पट्टा नसेल तर पुढचा पाय सुटतो आणि फिरते पॅडल पोटरीवर आदळते. धीम्या वेगात, पॅडले आडवी येताच, कंबर हँडलच्या दिशेने न्यावी आणि पाय ताठ करून धरावेत. मागचे चाक क्षणभर थांबते, चर्रर्र आवाज होतो. लगेच भार मागे घेऊन पाय मोकळे करायचे, की चाक पुन्हा फिरू लागते. सिमेंटवर थोडे पाणी शिंपडले तर पहिली घसरण सोपी जाते; पण ओल्यावर साधलेले कोरड्यावर तसेच साधेल असे समजू नये. गुडघे दुखू लागले तर मुलाने चुकीचे केले असे नसून गिअर जड आहे असे बहुधा असते. पुढचे चक्र लहान किंवा मागचे मोठे केले की पायांवरचा ताण उतरतो. शिकणाऱ्याला ४८ आणि १६ ची जोडी जडच जाते.

त्या जोडीत आणखी एक तोटा दडलेला आहे आणि व्यापारी घरातल्या मुलांना तो सोडवायला आवडेल. ४८ ला १६ ने भागले की नेमके ३ येतात, बाकी शून्य. म्हणजे पॅडलच्या प्रत्येक फेऱ्यानंतर टायरचा तोच भाग रस्त्यावर येतो. एकाच पायाने स्किड करणारा मुलगा प्रत्येक वेळी टायरची तीच जागा घासतो आणि थोड्याच दिवसांत रबराखालचे धागे दिसू लागतात. मागचे चक्र १७ दातांचे आणि पुढचे ४६ दातांचे केले, तर या दोन आकड्यांत सामाईक भाजक नाही, आणि झीज टायरवरच्या १७ वेगवेगळ्या जागांवर वाटली जाते. खर्च होतो तो फक्त दोन चक्रांचा, वाचतात ती टायरे. शाळेत शिकलेला महत्तम विभाजकाचा धडा इतका उघड कामी येण्याचे प्रसंग थोडेच.

घरातल्या मोठ्यांनी, विशेषतः आईने, दोन गोष्टींवर लक्ष ठेवावे. साध्या सायकलीच्या साखळीत पायजम्याची कड किंवा ओढणीचे टोक अडकले, तर पाय थांबवून ते सोडवता येते. फिक्स्ड गिअरमध्ये चाक फिरत आहे तोवर साखळी कापड आत ओढतच राहते, पायालाही बरोबर घेऊन. म्हणून सैल कपडे, लोंबती ओढणी आणि बुटांच्या मोकळ्या नाड्या नकोतच. दुसरी गोष्ट याहून गंभीर. सायकल उलटी ठेवून, पॅडल फिरवून, चालत्या साखळीला फडक्याने पुसण्याची सवय घरोघरी असते. या सायकलीवर चाकाला एकदा गती मिळाली की ती आपोआप थांबत नाही, आणि फडक्यासह बोट दात्यांत गेले तर ते बोट तुटू शकते. साखळी पुसायची ती चाक पूर्ण थांबवून, थोडी थोडी पुढे सरकवत. लहान भावंडांना त्या वेळी जवळ बसू देऊ नये.

राहिला प्रश्न दुरुस्तीचा, आणि इथे भंडारा-तुमसरच्या कुशल कारागिरांनाही एक गोष्ट समजावून सांगावी लागेल. साध्या सायकलीच्या मागच्या हबवर फ्रीव्हील आट्यांवर फिरवून बसवतात, आणि पॅडलच्या पुढच्या जोराने ते अधिकाधिक घट्ट होत जाते. मागे जोर पडण्याचा प्रसंगच त्यात येत नाही. त्याच हबवर कोणी फ्रीव्हील काढून जखडलेले चक्र बसवून दिले, तर सायकल चालते, छान चालते, आणि ज्या दिवशी मुलगा पहिल्यांदा जोराने पाय आवरतो त्या दिवशी ते चक्र आट्यांवरून उलटे फिरून सुटते. नेमके थांबायच्या क्षणी थांबवणारे साधनच नाहीसे होते. खऱ्या ट्रॅक हबवर या चक्राच्या बाहेर आणखी एक कडे असते. त्याचे आटे उलटे असतात, आणि चक्र सुटू पाहील तितके ते कडे त्याला अडवून धरते. याला लॉकरिंग म्हणतात. जुन्या सायकलीची स्वस्तात फिक्सी करून देतो असे कोणी म्हटले, तर पहिला प्रश्न लॉकरिंगचा विचारावा. साखळीचा ताणही दर आठवड्याला पाहावा. मधोमध बोटाने दाबली तर अर्ध्या बोटाइतकी हलावी, त्याहून जास्त नाही. सैल साखळी उतरली की पायांचा चाकाशी संबंध तुटतो, आणि ती चाकात अडकली तर चाक जागीच बसते.

दुकानात खरेदीच्या वेळी वडील आणि मुलगा दोघांनीही जावे. या सायकली खोक्यात येतात, आणि पुष्कळदा पुढचा ब्रेक त्याच खोक्यात वेगळ्या पिशवीत असतो. तो बसवू नका, सायकल स्वच्छ दिसते, असे मुलगा हळूच सांगतो. दुकानदार गिऱ्हाइकाचे ऐकतो. ब्रेक बसवून, दाबून पाहून मगच पैसे द्यावेत. आणि त्याआधी वाकून एक गोष्ट पाहावी. पुढच्या चाकावर जिथे फोर्कचे दोन पाय जोडले जातात, त्या माथ्यावर ब्रेक बसवण्यासाठी एक आरपार भोक असते. काही सायकलींच्या फोर्कला ते भोकच नसते. ती सायकल वेलोड्रोमसाठी घडवलेली आहे. पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलातल्या धावपट्टीवर तिची जागा आहे. ती दुकानात राहू द्यावी आणि शेजारची पाहावी.